नवा क्लच, रुसलेला गिअर

क्लच बदलून गाडी घरी आली की मालकाला वाटतं, चढावर इंजिन नुसतंच ओरडतं आणि गाडी रेटत नाही, ही कटकट एकदाची मिटली. ती मिटतेही. पण कधी कधी तिच्या जागी दुसरीच उभी राहते. पहिला गिअर पडता पडत नाही, रिव्हर्स टाकताना करकर वाजते, सिग्नलला थांबल्यावर दांडा न्यूट्रलमध्येच अडून बसतो. गॅरेजवाला म्हणतो, ‘नवी प्लेट आहे, रुळेल.’ मोठ्या वर्कशॉपमध्ये सांगतात, ‘गिअर बॉक्स उघडावा लागेल.’ मालक दोघांच्या मध्ये.

खालचा संवाद या दोन पद्धतींमधला आहे. मामांचं गॅरेज कराडला, महामार्गालगत. हाताला आणि कानाला जे कळतं त्यावर त्यांचा भरवसा. भाचा आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून पुण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये लागलेला. पुस्तकातला आकडा बघितल्याशिवाय तो पाना उचलत नाही. समोर एका मास्तरांची छोटी गाडी उभी आहे, पुढच्या चाकांवर चालणारी, केबलच्या क्लचची. क्लच मामांच्याच गॅरेजात, त्यांच्या हाताखालच्या पोरानं बदललेला. माणसं कल्पित आहेत, तक्रार रोजची.

भाचा : मामा, त्या गिऱ्हाइकाला तुम्ही सांगितलंत, ‘पाचशे किलोमीटर चालवा, रुळेल.’ नक्की काय रुळणार आहे?

मामा : प्लेट. नवी कोल्हापुरी चप्पल चार दिवस चावते. म्हणून कुणी ती दुकानात परत नेऊन टाकतं का?

भाचा : चावणारी चप्पल पायातून काढता तरी येते, मामा. इथं तक्रार न निघण्याचीच आहे. रुळते ती पकड. नव्या प्लेटचं अस्तर फ्लायव्हीलला सगळीकडं सारखं टेकायला काहीशे किलोमीटर लागतात, हे मान्य. तोवर गाडी उचलताना थोडी थरथरेल, चढावर हलका जळका वास येईल. पण गिअर पडायला प्लेटनं धरायचं नसतं, सोडायचं असतं. पेडल पूर्ण दाबलं की प्रेशर प्लेट मागं सरकते ती जेमतेम एक-दोन मिलिमीटर. तेवढ्या फटीत प्लेट मोकळी झाली तरच गिअर बॉक्सचा शाफ्ट थांबतो. फट कमी पडली तर प्लेट फ्लायव्हीलला घासत फिरत राहते. तशीच चालवली तर घासून घासून पातळ होईल, आणि कदाचित थोडी सोडायलाही लागेल. मग आपण म्हणणार, बघा, रुळली.

मामा : म्हणजे शेवटी रुळलीच की!

भाचा : रुळली नाही, झिजली. गिऱ्हाइकानं पैसे मोजून घेतलेली नवी प्लेट आपण त्याच्याच पेट्रोलवर झिजवून घेतली.

मामा : बोलायला बरा तयार झालायस. पण मी न बघता बोललेलो नाही. इंजिन बंद ठेवून पाचही गिअर टाकले, रिव्हर्स टाकला. एका बोटानं पडतात. दांड्याच्या जोडणीत खोट असती तर बंद गाडीतही अडले असते. गती जुळवणारा सिंक्रो गेला असता तर चालत्या गाडीत एखाद्याच गिअरला करकर आली असती, बहुतेक वेळा दुसऱ्याला. इथं उभ्या गाडीत पहिला आणि रिव्हर्स दोन्ही अडतात. म्हणून गिऱ्हाइकाला घाबरवलं नाही. तुमच्याकडं गेला असता तर एव्हाना गिअर बॉक्सचं एस्टिमेट त्याच्या हातात पडलं असतं.

भाचा : चाचणी पक्की, निष्कर्ष अर्धा. इंजिन बंद असताना गिअर पडतो, चालू असताना अडतो. दांडा, केबली, आतले सिलेक्टर संशयातून सुटले. मग उरलं काय? क्लच सोडत नाही, एवढंच. गिअर बॉक्सला निर्दोष ठरवणारी तुमची चाचणीच क्लचकडं बोट दाखवते. आणि हात लागलाय तोही क्लचलाच.

मामा : थांब. रिव्हर्सची करकर ऐकून लगेच क्लचवर खापर फोडू नकोस. बऱ्याच छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. क्लच दाबला तरी शाफ्ट दोन-तीन सेकंद स्वतःच्या गतीनं फिरत असतो. लोक पेडल दाबतात आणि त्याच क्षणी दांडा ओढतात. चांगल्या गाडीतही वाजणारच. आमच्या वेळचे ड्रायव्हर आधी दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या गिअरला दांडा टेकवायचे. तिथला सिंक्रो शाफ्टला थांबवतो, मग रिव्हर्स गुपचूप पडतो.

भाचा : बरोबर, आणि वर्कशॉपमधली चाचणी त्यावरच उभी आहे. इंजिन सावकाश चालू, पेडल तळापर्यंत, मनात पाच आकडे मोजायचे, मग रिव्हर्स. मोकळा झालेला शाफ्ट तोवर थांबलेला असतो. तरीही वाजलं, तर शाफ्टला कुणीतरी फिरवतंय. दुसरी चाचणी मोकळ्या, सपाट जागेत करायची. समोर माणूस नको, ब्रेकवर पाय हवा. बंद गाडीत पहिला गिअर टाकायचा, क्लच पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा. गाडीनं पुढं हिसका दिला तर प्लेट चिकटून आहे. आज सकाळी दोन्ही केल्या. पाच मोजूनही रिव्हर्स वाजला आणि गाडीनं हिसकाही दिला.

मामा : मग केबल ताणू. त्यात एवढं पुराण कशाला?

भाचा : पुराण एवढ्यासाठी की केबल ताणायची वेळ नव्या प्लेटनंतरच का आली, हे आपल्या पोरालाही कळलं पाहिजे.

मामा : ते मी त्याला हातानं दाखवलंय. जुनी प्लेट झिजत जाते तसा क्लच वर वर धरायला लागतो. पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावर गाडी हलते. पेडलचा रिकामा खेळ कमी होत जातो, म्हणून दर सर्व्हिसला आपण केबल जरा ढिली करतो. अशी वर्षानुवर्षं ढिली केलेली केबल नव्या प्लेटला तशीच जोडली, तर पेडलची निम्मी चाल नुसता ढिलावा भरण्यातच जाते.

भाचा : हेच पुस्तकात चित्र काढून दाखवलंय. प्लेट झिजली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडं सरकते आणि डायफ्रामच्या पाकळ्यांची टोकं उलट, रिलीज बेअरिंगकडं येतात. नवी जाड प्लेट घातली की टोकं पुन्हा आत जातात, बेअरिंगपासून लांब. केबलचा नट मात्र जुन्याच जागी. पाय जमिनीला टेकतो तरी बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कची चाल अपुरी राहते. मामा, हे तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत आहे. मग गाडी देताना नट तपासला का गेला नाही?

मामा : दिवस मावळला होता आणि माणूस दारात उभा होता. गॅरेज पुस्तकात चालत नाही.

भाचा : म्हणून तर आकडा लागतो. घाईच्या वेळी हात फसतो, पट्टी फसत नाही. पेडलला रिकामा खेळ किती हवा हे त्या-त्या गाडीच्या पुस्तकात मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. पट्टी धरायला दोन मिनिटं लागतात. खेळ फार तर क्लच सोडत नाही, खेळ अजिबात नसेल तर बेअरिंग सतत टेकून राहतं आणि प्लेट घसरायला लागते. केबल जास्त ताणली की गिअर छान पडतात, गिऱ्हाईक खूश होतं, आणि काही महिन्यांत क्लच पुन्हा जळतो.

मामा : आता माझं ऐक. पट्टी धर, पण त्याआधी पेडलखाली बघ. गालिच्यावर गालिचा टाकणारे लोक आहेत. जाड रबरी मॅट पुढं सरकते आणि पेडल तळापर्यंत जातच नाही. दुसरं म्हणजे पायाची सवय. त्या मास्तरांचा पाय जुन्या क्लचला सरावलाय, थोडंसं दाबलं की सुटायचा. नवा क्लच खालीच धरतो, म्हणजे सुटायलाही पाय खालपर्यंत न्यावा लागतो. त्यांना शेजारी बसवून पेडल पूर्ण दाबायला लावलं का तुमच्या पुस्तकानं?

भाचा : पुस्तकानं नाही, मीही नाही. हे घेतलं. आधी मॅट, मग पाय, मग पट्टी. केबलही काढून बघतो. आतली तार एकेका पदरानं तुटत आली असेल, किंवा बाहेरचं आवरण बॉडीच्या पत्र्यात रुतत असेल, तर नट कितीही फिरवला तरी ताण तिथंच विरतो. जुनी केबल नव्या क्लचला परत जोडणं मला कधीच पटलेलं नाही.

मामा : तुला पटायला काय जातं? बिल मी सांगतो. गिऱ्हाईक येतो तोच म्हणत, ‘फक्त प्लेट टाका.’ प्रेशर प्लेट आणि बेअरिंग बदला म्हटलं की चेहरा पडतो. फ्लायव्हीलला फेस मारायला लेथवर पाठवू म्हटलं की विचारतो, ‘त्याची गरज आहे का?’ त्यात केबल, त्यात तेल. मी नाही म्हणालो तर पुढच्या गॅरेजात जातो.

भाचा : मजुरीचा हिशेब त्याला उलटा मांडून दाखवा ना. क्लचच्या कामात खरा खर्च गिअर बॉक्स उतरवण्या-चढवण्याचा. एकदा उतरवलाच आहे तर आतलं सगळं त्याच मजुरीत होतं. जुन्या प्रेशर प्लेटच्या पाकळ्या एका पातळीत नसतील तर नवी प्लेट एका बाजूला सुटते, दुसऱ्या बाजूला चिकटते. फ्लायव्हीलवर तापून निळे पडलेले डाग आणि खाचा असतील तर पकड थरथरते. बेअरिंग आज वाचवलं आणि सहा महिन्यांनी वाजलं, तर पुन्हा पूर्ण मजुरी.

मामा : सांगून बघतो. काही ऐकतात, काही नाही.

भाचा : जे ऐकत नाहीत त्यांच्या जॉबकार्डावर लिहायचं : ‘फ्लायव्हील फेसिंग सुचवलं, ग्राहकानं नको म्हटलं.’ खाली त्यांची सही.

मामा : सही मागितली की माणूस बिचकतो. बरं, ते बाजूला ठेव. केबल ताणूनही गिअर पडला नाही तर? तू लगेच उतरव म्हणशील.

भाचा : लगेच नाही. ही केबलची गाडी आहे, म्हणून बाहेरून बघण्यासारखं थोडंच आहे. तेलाचा क्लच असता तर आधी हवा काढली असती. पेडल चार-पाच वेळा पंप केल्यावर गिअर पडतो आणि थोड्या वेळानं पुन्हा अडतो, ही पाइपात हवा शिरल्याची किंवा सिलेंडर आतून गळत असल्याची खूण. काही गाड्यांत खालचा सिलेंडर गिअर बॉक्सच्या आत, शाफ्टभोवतीच बसवलेला असतो. तो क्लचबरोबर बदलला नाही आणि नंतर गळला, तर एवढ्याशा सीलसाठी सगळा गिअर बॉक्स पुन्हा खाली. आणि ऑटो गिअरच्या गाड्या, त्या २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडं आल्या. त्यांत क्लचचं पेडलच नसतं. नवा क्लच कुठं धरतो हे स्कॅनर लावून गाडीच्या संगणकाला शिकवावं लागतं. ते न करता गाडी दिली तर हिसके बसतात, कधी गिअरच पडत नाही.

मामा : त्या गाड्या मी घेतच नाही. ज्याचं हत्यार नाही त्याला हात लावायचा नाही. तेवढी अक्कल मला गॅरेजनंच दिलीय.

भाचा : ते फार कमी लोक पाळतात. आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पेडलची चाल बरोबर, केबल बरोबर, फोर्क बाहेरून पूर्ण हलताना दिसतोय आणि तरी प्लेट सोडत नाही, तर चूक आत आहे. मग उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

मामा : ‘चूक आत आहे’ म्हणजे माझ्या पोराची चूक आहे, असं सरळ म्हण की.

भाचा : पोराचीच असं नाही. सुटा भागही वाकडा येऊ शकतो. पण कुठं बघायचं ते ठरलेलं आहे. पहिली शंका, प्लेट उलटी बसलीय. मधला स्प्रिंगांचा फुगीर भाग गिअर बॉक्सकडं असायला हवा, म्हणून प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते.

मामा : उलटी बसली असती तर स्प्रिंगांचा भाग फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासला असता. पहिल्या मिनिटापासून क्लच सुटलाच नसता, गाडी गॅरेजबाहेर पडली नसती. ते नाही. मला खरी भीती वेगळी आहे. गिअर बॉक्स चढवताना शाफ्ट प्लेटच्या भोकात अर्धा शिरला, आणि खाली जॅकचा आधार नीट नसेल, तर तीस-चाळीस किलोचं धूड त्या पातळ प्लेटवर लोंबकळतं. प्लेट मधे वाकते. डोळ्याला दिसत नाही, पण फिरताना एका बाजूनं घासत राहते.

भाचा : हेच मी विचारणार होतो. एकटाच होता का चढवताना?

मामा : माणसं दोन होती. पण विचारून घेतो.

भाचा : दुसरं, प्रेशर प्लेटचे बोल्ट. समोरासमोरचे थोडे थोडे, फिरत फिरत आवळायचे असतात. एका बाजूनं पूर्ण आवळत गेलं तर कव्हर वाकतं. तिसरं, शाफ्टवरचे दाते. त्यांवर गंज असेल किंवा कोरडे असतील तर प्लेट मागं-पुढं सरकत नाही. ग्रीस जास्त फासलं तर ते फिरून अस्तरावर उडतं. ठिपकाभर लावून उरलेलं पुसायचं. चौथं, इंजिन आणि गिअर बॉक्स एका रेषेत धरणाऱ्या पोकळ पिना. एखादी हरवली, तरी बोल्ट लागतात आणि सगळं बसल्यासारखं दिसतं, पण शाफ्ट तिरका राहतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीपसारख्या गाड्यांत आणखी एक असतं, फ्लायव्हीलच्या मध्यातलं छोटं पायलट बेअरिंग. ते जाम झालं की क्लच सुटला तरी इंजिन शाफ्टला फिरवतच राहतं.

मामा : फोर्क विसरलास. आतल्या गोळ्यावरून त्याची क्लिप सुटली की फोर्क तिरका होतो आणि चाल अर्धी राहते. पण बघ, एवढी यादी सांगितलीस, तिच्यातलं काहीतरी निघेलच असं धरून गाडी उतरवलीस आणि शेवटी नट दोन आटे फिरवायचा होता असं निघालं, तर? म्हणून माझं म्हणणं, उतरवणं शेवटी.

भाचा : इथं आपलं एकमत आहे. मतभेद ‘शेवटी’ म्हणजे कधी यावर आहे. तुम्ही म्हणता पाचशे किलोमीटरनंतर. मी म्हणतो, बाहेरच्या तपासण्या संपल्या की त्याच दिवशी.

मामा : चार-पाचशे किलोमीटरनं काय बिघडतं? आम्ही सिंक्रो नसलेल्या ट्रकांवर हात बसवला. क्लच दोनदा मारायचा, मधे न्यूट्रलला ॲक्सिलेटर देऊन गती जुळवायची. तुमच्या पिढीला हातात सगळं मऊ लागतं.

भाचा : तुम्ही कानानं गती जुळवत होता, तेच काम आता सिंक्रोची पितळी कडी करते. १९२८ मध्ये कॅडिलॅकनं सिंक्रोमेश आणला तो याच त्रासातून सुटका म्हणून. आता त्या कडीच्या जागी राहून बघा. गिअर टाकताना तिनं एकट्या मोकळ्या शाफ्टला थांबवायचं असतं. क्लच सुटत नसेल तर शाफ्टमागून चालू इंजिन ढकलत असतं. मास्तर रोज कराड-सातारा करतात, दांडा जोर लावून घुसवतात, आणि प्रत्येक वेळी ती कडी झिजते. पाचशे किलोमीटरनंतर केबल नीट केली तरी दुसरा गिअर करकरत राहतो. मग खरंच गिअर बॉक्स उघडावा लागतो. त्या दिवशी मास्तरांनी विचारलं की हा आधीपासून खराब होता का तुम्ही केलात, तर काय सांगणार?

मामा : …ते खरं आहे. गिअर बॉक्स एकदा खाल्ला की कोणी खाल्ला हे ठरत नाही.

भाचा : म्हणून मला ‘रुळेल’ या शब्दाची भीती वाटते. मुदत गाडीला मिळत नाही, बिघाडाला मिळते.

मामा : पण तुमच्या बाजूचंही सांगतो. तुमच्याकडं तक्रार आली की फोनवर एस्टिमेट जातं, ‘गिअर बॉक्स असेंब्ली.’ खोलून आत काय गेलंय हे बघणारे हात कमी झाले, सबंध भाग बदलणारे वाढले. मागं एक गाडी आली होती. मोठ्या ठिकाणी गिअर बॉक्स बदलायला सांगितलेला. पहिला-दुसरा पडत नव्हता, तिसरा-चौथा व्यवस्थित. इंजिन बंद असतानाही तसंच. मी बॉनेट उघडलं. दांड्यापासून गिअर बॉक्सकडं दोन केबली जातात, एक दांडा डावी-उजवीकडं नेणारी, एक पुढं-मागं. डावी-उजवीकडच्या केबलचा प्लॅस्टिकचा बुश फुटला होता. गिअर बॉक्स उतरवताना या केबली काढाव्याच लागतात, आणि जुनं प्लॅस्टिक काढताना तुटतं.

भाचा : हे मान्य करावंच लागेल. असेंब्ली सुचवणं सोपं, जबाबदारी कंपनीच्या डब्यावर जाते. आणि तुम्ही सांगितलेली खूण अगदी नेमकी आहे. एकाच ओळीतले दोन गिअर गायब, बाकीचे ठीक, तर बिघाड बाहेरच्या जोडणीत शोधायचा. गिअर बॉक्सचं माउंटिंग ढिलं राहिलं तर आणखी वेगळं दिसतं. उभ्या गाडीत सगळं छान, ॲक्सिलेटर दिला की इंजिन डोलतं, केबली ओढल्या जातात आणि गिअर अडतो.

मामा : हे दोन्ही ऐकून कळतं. स्कॅनरवर येत नाही.

भाचा : नाही येत. पण तेलाचं विचारू का? पुढच्या चाकांच्या गाडीत ड्राइव्ह शाफ्ट ओढले की गिअर ऑइल सांडतं. परत किती आणि कुठलं भरलं?

मामा : ड्रममधलं. गिअर ऑइल म्हणजे गिअर ऑइल. बाजूच्या भोकातून ओघळेपर्यंत भरलं.

भाचा : ओघळेपर्यंत भरलं हे उत्तम, गाडी सपाट असेल तर. पण त्या ड्रमवर जीएल-५ लिहिलंय. ते जीपच्या मागच्या डिफरन्शियलला चांगलं. या गाडीच्या पुस्तकात जीएल-४ आहे. सिंक्रोच्या कडीला शाफ्ट थांबवायला थोडं घर्षण लागतं. तेल फार निसरडं असलं की कडी घसरते आणि गिअर उशिरा पडतो. शिवाय काही जीएल-५ तेलांतली गंधक-फॉस्फरसची रसायनं पितळेला मानवत नाहीत. तेल जास्त घट्ट असेल तर सकाळी गार गाडीत दांडा जड लागतो, दहा किलोमीटरनंतर सुधारतो. गिऱ्हाईक तेही क्लचच्याच खात्यात मांडतं.

मामा : दोन लिटर तेलासाठी वेगळा डबा ठेवायचा?

भाचा : दोन लिटरचा डबा गिअर बॉक्सपेक्षा स्वस्त आहे.

मामा : ठेवू. पण हे सगळं कागदावर, सही, आकडा, पुस्तक, हे मला कोर्टकचेरीसारखं वाटतं. माझी गिऱ्हाइकं माझ्या शब्दावर येतात. चूक माझी निघाली तर दुसऱ्यांदा मजुरी मी कधी घेतली नाही, हे गावाला माहीत आहे.

भाचा : गावाला माहीत आहे, पण महामार्गावरून जाताना गाडी बंद पडलेल्या माणसाला माहीत नाही. आणि कचेरी लांब नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैपासून लागू आहे. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही सेवा. तिच्यात त्रुटी राहिली तर ग्राहक जिल्हा आयोगाकडं दोन वर्षांच्या आत जाऊ शकतो. तक्रार करायला १९१५ हा फोनही आहे. तिथं तुमचा शब्द कागदावर नसेल तर नुसता त्याचा शब्द उरतो. जॉबकार्ड गिऱ्हाइकाला जेवढं वाचवतं, तेवढंच तुम्हालाही.

मामा : आणि त्याच कागदावर तुमची वर्कशॉपं बारीक अक्षरात लिहितात, ‘विद्युत आणि क्लचच्या भागांना हमी नाही.’

भाचा : लिहितात. म्हणून मी म्हणतो, कागद आपण आपल्या अक्षरात लिहू, मोठ्या अक्षरात. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, काय बदललं आणि काय नाही. पेडलचा खेळ किती ठेवला. तेल कुठलं. आणि खाली, काय झालं तर लगेच परत यायचं.

मामा : ते शेवटचं मी सांगतो, तू लिही. जळका वास, उचलताना थरथर, क्लच खाली धरल्यासारखा वाटणं, याला पाचशे किलोमीटर द्यायची. वास किंवा थरथर त्यानंतरही राहिली तर दाखवायची. पण उभ्या गाडीत गिअर अडला, थांबून टाकलेला रिव्हर्स वाजला, पेडल दाबलेलं असताना गाडी पुढं सरकली, तर गाडी त्याच दिवशी परत. घाटात नेऊ नका, दांड्यावर जोर लावू नका. खंबाटकीच्या चढावर थांबून पहिला पडला नाही तर मागून येणाऱ्या ट्रकला ते समजत नाही.

भाचा : म्हणजे ‘रुळेल’ हा शब्द राहिला.

मामा : राहिला. पण पकडीपुरता. सोडण्याला तो लागू नाही, हे तुझं घेतलं. आणि माझं तू काय घेतलंस?

भाचा : एस्टिमेट लिहायच्या आधी बॉनेट उघडायचं, गिऱ्हाइकाला शेजारी बसवायचं, आणि बुश, मॅट, पाय यांना असेंब्लीच्या आधी विचारायचं. आणि ज्याचं हत्यार नाही त्या गाडीला हात लावायचा नाही.

मामा : मग आता मास्तरांना फोन कर. म्हणावं, गाडी आज मिळणार नाही. केबल नवी टाकतोय, तेल बदलतोय, पट्टी धरून खेळ लावतोय. तरी रिव्हर्स वाजला तर उद्या उतरवतोय, मजुरी आमची.

भाचा : केबलचे पैसे?

मामा : केबल त्यांची. जुनी काढून त्यांच्या हातात दे, तुटलेली तार बघितली तर नाही म्हणायचे नाहीत. आणि नसेल तुटलेली, तर नवी टाकू नकोस. नट फिरव.